मानसशास्त्र विभागाचे वर्ष : पेण-रोह्यातून घेतलेली एक नोंद

विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालाकडे इतिहासाचे साधन म्हणून फारसे कोणी पाहत नाही. गॅझेटियर, दप्तरखान्यातील कागद, जुनी वर्तमानपत्रे यांना आपण मान देतो. अहवाल मात्र छापला जातो, वाटला जातो आणि कपाटात जातो. मी कोणत्याही विद्यापीठात शिकवत नाही. आमच्या पेण-रोहे भागातील शिक्षणाचा इतिहास जमवणे हा माझा हौसेचा उद्योग, आणि त्या उद्योगात असे अहवाल वाचायची सवय लागली. त्यातही मानसशास्त्र विभागाच्या पानांवर मी जास्त रेंगाळतो. कारण या विषयाचा संबंध थेट माणसांच्या घरांशी येतो आणि अहवालात नेमकी ती घरे दिसत नाहीत.

अशा पानाचा साचा आता ठरून गेला आहे. किती विद्यार्थी सेट-नेट उत्तीर्ण झाले, कोणाला पीएच.डी. मिळाली, प्राध्यापकांचे किती शोधनिबंध छापून आले, कोण कोणत्या परिषदेला गेले, भित्तिपत्रक स्पर्धेत कोणाला बक्षीस मिळाले, १० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन कसा साजरा झाला. ‘नॅक’ची स्थापना १९९४ साली झाली. मूल्यांकनाची पद्धत रुळली तसा हा साचा घट्ट होत गेला. ही यादी खोटी नसते. त्यामागे मुलामुलींचे कष्ट असतात. पेणहून पहाटेची गाडी पकडून मुंबईला शिकायला जाणाऱ्या मुलीने नेट काढली, तर ती बातमी छापलीच पाहिजे. माझा प्रश्न इतकाच, की मानसशास्त्र विभागाचे यश मोजायची हीच रीत पहिल्यापासून होती का? आणि त्या यशातले पेण-रोह्यापर्यंत किती पोहोचले?

विभाग कसे उभे राहिले

मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे उभारली, हे पाठ्यपुस्तकात असतेच. आपल्याकडे हा विषय बराच काळ तत्त्वज्ञानाच्या घरात आश्रिताप्रमाणे राहिला. तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्राच्या सोबतीने बी.ए.च्या मुलांना ‘मन’ शिकवले जाई. त्याला स्वतंत्र चूल मिळाली ती कलकत्त्यात. १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि हार्वर्डला शिकून आलेले नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांच्याकडे त्याची धुरा आली. त्याच परंपरेतील गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता.

दुसरा जुना विभाग म्हैसूरचा, १९२४ सालचा. त्याचे प्रमुख एम. व्ही. गोपालस्वामी लंडनला स्पिअरमन यांच्या हाताखाली शिकले होते. याच गृहस्थांनी १९३५ मध्ये म्हैसुरात स्वतःचे छोटे नभोवाणी केंद्र चालू केले आणि त्याला नाव दिले ‘आकाशवाणी’. पुढे ते साऱ्या देशाच्या नभोवाणीचे नाव झाले. आजच्या अहवालात मानसशास्त्राच्या प्राध्यापकाची ही कामगिरी कोणत्या रकान्यात बसवली असती, याची मला गंमत वाटते. शोधनिबंध नाही, परिषद नाही, पेटंटही नाही. बहुधा ‘इतर उपक्रम’ या सदरात शेवटी एका ओळीत आली असती.

महाराष्ट्रात पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे मानसशास्त्राचा विभाग आला. त्याचे नावच मुळी ‘प्रायोगिक मानसशास्त्र विभाग’ असे होते. प्रा. व्ही. के. कोठुरकर यांच्या काळात तेथे स्मरण, अध्ययन अशा विषयांवर प्रयोगशाळेत काम होऊ लागले. मन म्हणजे अध्यात्माचा किंवा कल्पनेचा प्रांत अशी समजूत असलेल्या समाजात ‘प्रायोगिक’ हे विशेषण म्हणजे एक भूमिकाच होती. मनाचेही माप घेता येते, ते पुन्हा पुन्हा घेऊन ताडून पाहता येते, असे तो विभाग नावातूनच सांगत होता.

मुंबई विद्यापीठाने १९५९ मध्ये विभाग काढला तेव्हा नाव निवडले ‘उपयोजित मानसशास्त्र विभाग’. गिरण्या, कारखाने, दवाखाने, शाळा यांनी भरलेल्या शहराला शोभणारे हे नाव. पेण आणि रोहे येथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठालाच संलग्न आहेत. त्यामुळे ‘उपयोजित’ या शब्दावर आमचाही थोडा हक्क लागतो.

येथे रोह्याचा एक धागा सांगायला हवा. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावातला. बालपण गेले रोह्यात. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. केंब्रिज, आय.सी.एस., रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, केंद्रीय अर्थमंत्री ही त्यांची पुढची वाटचाल सर्वांना ठाऊक आहे. मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडल्यानंतर १९५६ मध्ये ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, ही गोष्ट मात्र आमच्याकडेही पटकन आठवत नाही. मुंबईचा उपयोजित मानसशास्त्र विभाग सुरू झाला तेव्हा देशभरातल्या विद्यापीठांच्या अनुदानाची सूत्रे रोह्यात वाढलेल्या या माणसाच्या हाती होती. रोह्यातल्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. १९१२ साली वर्तमानपत्राने त्यांच्या यशाची नोंद घेतली ती एका गुणवंत विद्यार्थ्याची. त्या यशाचे मोल समाजाला कळले ते पुढच्या पन्नास वर्षांत. वार्षिक अहवालाची हीच अडचण आहे. वर्षाच्या मापात बसते तेवढेच त्याला दिसते.

विभागाबाहेर घडलेले

महाराष्ट्रात मानसशास्त्राचे काही फार मोलाचे काम विद्यापीठाच्या विभागांबाहेर किंवा विभाग निघण्याआधी झाले. १९३७ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळेने, म्हणजे आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने, बालमार्गदर्शन चिकित्सालय सुरू केले. देशातले हे पहिले. १९४१ मध्ये मुंबईतच बाटलीबॉय व्यवसाय मार्गदर्शन केंद्र निघाले, १९४७ मध्ये पारशी पंचायतीचे, आणि १९५० मध्ये सरकारी व्यवसाय मार्गदर्शन केंद्र. दहावीनंतर मुलाची कलचाचणी करून घ्यायची ही आजची रीत या प्रयत्नांतून आली.

त्याही आधीचे एक काम मला सर्वात महत्त्वाचे वाटते. ते डॉ. व्ही. व्ही. कामत यांचे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये मुलांची बुद्धी मापण्याची चाचणी तयार केली. अमेरिकेत टर्मन यांनी १९१६ मध्ये तिची स्टॅनफर्ड आवृत्ती केली. ती तशीच्या तशी आपल्या मुलांना लावून उपयोग नव्हता. अमेरिकन मुलाला जे शब्द, जी चित्रे, जी नाणी ओळखीची, ती धारवाडच्या मुलाला कुठून ठाऊक असणार? मुंबई इलाख्याच्या कर्नाटक भागात शिक्षणक्षेत्रात असलेल्या कामतांनी ती चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी नव्याने बांधली. प्रत्येक प्रश्न इथल्या मुलांना विचारून पाहायचा, कोणत्या वयाची किती मुले तो सोडवतात ते मोजायचे, मग त्याची जागा ठरवायची, असे हे किचकट काम. त्यांचे भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील इंग्रजी पुस्तक १९४० मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढले. ‘बिने-कामत चाचणी’ हे नाव आजही दवाखान्यांच्या अहवालांत दिसते.

नागपुरात डॉ. आर्थर मालिन यांनी वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीचे भारतीय रूप १९६० च्या दशकात तयार केले. उत्तरेत सी. एम. भाटिया यांनी १९५५ मध्ये अशी कृतिचाचणी केली की ज्यात ठोकळे जुळवायचे, आकृत्या काढायच्या, चित्राचे तुकडे जोडायचे. लिहितावाचता न येणाऱ्यालाही ती देता यावी हा हेतू. पुण्यात १९६२ मध्ये डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली. ते स्वतः मानसशास्त्राचे अभ्यासक. बुद्धिमान मुले शोधायची तर त्यासाठी मराठीत चाचण्या हव्यात, म्हणून तेथे गिलफर्ड यांच्या बुद्धिविषयक प्रतिमानावर अनेक वर्षे काम झाले. डॉ. उषा खिरे यांचे नाव त्या कामाशी जोडलेले आहे.

ही सगळी माणसे एकच गोष्ट करत होती. बाहेरून आलेले माप आपल्या मुलाच्या अंगावर बेतून पाहत होती. एका वर्षात हे होत नाही. आजच्या अहवालाच्या भाषेत बोलायचे तर कामतांची कित्येक वर्षे ‘निरंक’ गेली असती.

चाचणी आणि वाडी

हे सगळे पेण-रोह्यात बसून का सांगतो आहे? कारण त्या मापाची गरज इथे रोज पडते.

महाराष्ट्र सरकारने १९९६ पासून अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष अशा त्या सवलती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेलाही स्थान दिले. कायदा झाला, पण सवलत मिळवायची तर प्रमाणपत्र हवे, प्रमाणपत्रासाठी चाचणी हवी आणि चाचणी देणारा माणूस हवा. नुसते एम.ए. होऊन चालत नाही. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानुसार चिकित्सालयीन मानसतज्ज्ञाला परिषदेकडे नोंदणी करावी लागते आणि त्यासाठीच्या पुढच्या प्रशिक्षणाच्या जागा फार थोड्या. मग आईबाप मुलाला घेऊन पनवेल, ठाणे, मुंबई अशा फेऱ्या मारतात. एका फेरीत एका दिवसाची मजुरी बुडते. मूर्तीच्या कारखान्यात गणपतीच्या हंगामात काम करणाऱ्याची तर दुप्पट बुडते. दोन-तीन फेऱ्यांनंतर बरेच जण नाद सोडतात आणि मुलगा ‘ढ’ म्हणून शाळा सोडतो.

चाचणी मिळाली तरी भाषेचा प्रश्न उरतो. पेण तालुक्यातल्या खारेपाटात आगरी बोली बोलतात. डोंगराकडच्या वाड्यांवर कातकरी आणि ठाकूर समाज आहे. कातकरी ही केंद्र सरकारने विशेष असुरक्षित ठरवलेल्या महाराष्ट्रातील तीन आदिवासी जमातींपैकी एक. त्यांची घरातली बोली पाठ्यपुस्तकातल्या मराठीपासून दूर. वर्षातले काही महिने कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर गेलेले. अशा मुलाला तुम्ही प्रमाण मराठीत शब्दांचे अर्थ विचारले, तर उत्तर न येण्याची कारणे निदान चार असू शकतात. त्याला शब्द माहीत नाही, त्याला प्रश्नच कळला नाही, तो परक्या माणसाला बुजला आहे, किंवा त्याला खरोखर अडचण आहे. कागदावर चारही कारणांचा आकडा एकच येतो. बिने-कामत चाचणीत मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणतात. भागाकार चुकत नाही. चुकते ते आत घातलेले वय.

कामतांनी जे अमेरिकन मापाचे केले, ते आता कोणीतरी कामतांच्या मापाचे करायला हवे आहे. खासकरून आमच्या वाड्यांसाठी. आगरी आणि कातकरी मुलांकडून प्रश्न तपासून घेणे, त्यांच्या ओळखीच्या वस्तू घेणे, वाडीतल्याच शिकलेल्या मुलीला चाचणी द्यायला शिकवणे, हे काम एखाद्या विभागाने पाच वर्षे नेटाने केले, तर रायगडातल्या शेकडो मुलांचे शिक्षण वाचेल. छापील यादीत मात्र त्याची गणना एका प्रकल्पाची.

आजार आणि अंतर

दुसरी बाजू मनोविकारांची. कोकणपट्टीत ब्रिटिश काळात दोन मनोरुग्णालये झाली. रत्नागिरीचे १८८६ सालचे आणि ठाण्याचे १९०१ सालचे. आमचा जिल्हा, तेव्हाचा कुलाबा, या दोहोंच्या मध्ये. १९८१ मध्ये जिल्ह्याचे नाव रायगड झाले, पण हे अंतर होते तेवढेच राहिले. ‘याला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य आमच्याकडे चेष्टेत आणि शिवीत वापरले जाते. मनाच्या आजाराबद्दल सामान्य माणसाला जी एकमेव संस्था माहीत होती, ती अशी बोलीत उतरली. एरवी आजार अंगावर काढायचा, नाहीतर भगताकडे जायचे. भगत वाडीत असतो, रात्री-अपरात्री येतो, आपल्या बोलीत बोलतो आणि नातेवाइकांचे ऐकून घेतो. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अघोरी प्रकारांना शिक्षा देतो, ते योग्यच. पण भगताची जागा घेणारा माणूस कायद्यातून येत नाही, तो कोणीतरी शिकवून तयार करावा लागतो.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला, त्याचा जिल्हा पातळीवरचा भाग १९९६ मध्ये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार मिळणे हा हक्क ठरवला. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा आहे. हा क्रमांक दिवाळी अंकात छापून यावा एवढ्यासाठीही मी हा लेख लिहिला असता. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचे दिसले. त्या सर्वेक्षणात १२ राज्ये होती आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे इतके विभाग असलेल्या आमच्या राज्याचा आकडा त्या मोजणीत नाहीच.

अंधारच आहे असे मात्र नाही. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ उभारली. तिच्या ‘वेध’ या व्यवसाय प्रबोधन परिषदा ठाण्याबाहेर अनेक गावांत पोहोचल्या, त्यांत आमचे पेणही आहे. मनाविषयी मराठीत, भरल्या सभागृहात, लाज न बाळगता बोलता येते हे तिथे बसलेल्या मुलांनी पाहिले. भाषा संचालनालयाने मानसशास्त्राचा परिभाषा कोश केला, मराठी विश्वकोशात या विषयाच्या नोंदी आल्या, मराठी मानसशास्त्र परिषदेने अभ्यासकांना मराठीत निबंध वाचायला व्यासपीठ दिले. अकरावी-बारावीला कला शाखेत मानसशास्त्र घेता येते. शब्द तयार आहेत. ते तालुक्याच्या ठिकाणी वापरणारी माणसे हवीत.

रेल्वेचे उदाहरण आम्हाला जवळचे आहे. रोह्यापर्यंत गाडी १९८६ मध्ये आली. कोकण रेल्वेचा शून्य किलोमीटर रोह्यात, आणि १९९८ मध्ये ती पूर्ण मार्गावर धावू लागली. मार्ग झाला म्हणजे गाडी आपल्या स्थानकावर थांबतेच असे नाही, हे इथला प्रत्येक प्रवासी सांगेल. मानसशास्त्राचे तसेच झाले आहे. कलकत्ता, म्हैसूर, पुणे, मुंबई अशी गाडी नीट धावते आहे. पेण-रोह्याला थांबा हवा आहे.

चार रकाने

म्हणून मानसशास्त्र विभागांनी आपल्या वर्षाची नोंद करताना आहे ती यादी ठेवावी आणि तिला चार रकाने जोडावेत, असे मला सुचवायचे आहे. पहिला, या वर्षी किती चाचण्यांचे मराठीतील किंवा बोलीतील प्रमाणीकरण पुढे सरकले. काम अपुरे असले तरी सांगावे. दुसरा, मागच्या दहा वर्षांत शिकून गेलेल्यांपैकी किती जण तालुक्याच्या गावी काम करत आहेत. तिसरा, विभागाने या वर्षी किती मुलांची आणि किती कुटुंबांची फेरी वाचवली, म्हणजे त्यांच्या गावी जाऊन किती तपासण्या केल्या. चौथा, एखादी चाचणी, एखादा सल्ला, एखादा उपक्रम कुठे लागू पडला नाही. हा चौथा रकाना भरायला धैर्य लागेल, पण पुढच्या अभ्यासकाला सर्वांत जास्त उपयोग त्याचाच होईल.

महाविद्यालयांना यात मोठे काम आहे. पेण किंवा रोह्याच्या महाविद्यालयातल्या मुलांना आगरी घरातून येते, कातकरी वाडी सायकलच्या अंतरावर असते, धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये काम करणारा बाप घरीच असतो. पाळीची झोप, मजुरीचे स्थलांतर, दोन भाषांमधले मूल हे विषय मुंबईच्या विद्यार्थ्याला शोधायला यावे लागतील. आमच्या मुलांना ते जेवणाच्या ताटाशी मिळतात. त्यांना फक्त कोणीतरी सांगायला हवे, की हाही मानसशास्त्राचाच अभ्यास आहे, आणि मोजायचे कसे ते शिकवायला हवे.

एखाद्या वर्षी अशा विभागाच्या पानावर बक्षिसांच्या यादीखाली एवढीच ओळ आली, की पेण तालुक्यातील अमुक वाड्यांवरच्या इतक्या मुलांची तपासणी त्यांच्या बोलीत झाली आणि त्यांपैकी इतकी शाळेत टिकली, तर माझ्यासारखा गावचा इतिहास जमवणारा माणूस तो अहवाल गॅझेटियरच्या शेजारी ठेवील.